बिनगुलालाचा कल्लप्पा

“सर, तेवढं नाव खोडा. महादेवप्पांच्या गाडीवर आज मी न्हाय.”

मी यादीतून मान वर केली. स्टेजखाली कल्लप्पा उभा होता. अंगात नवाकोरा केशरी टी-शर्ट, पाठीवर उदयसिंहांच्या ट्रान्सपोर्टचं नाव. घडीच्या रेघासुद्धा अजून मोडल्या नव्हत्या.

“मग कुणाच्या गाडीवर?”

“रॉकेट-तुफान,” तो म्हणाला आणि चोरी कबूल केल्यासारखा खाली बघायला लागला.

रॉकेट आणि तुफान ही उदयसिंहांची बैलजोडी. गेल्या हंगामात टेंभुर्णीपासून पार सांगलीपर्यंत तिने मैदानं मारली. आमच्याकडे शर्यतीचा छकडा हाकणाऱ्याला ड्रायव्हरच म्हणतात, आणि या जोडीच्या ड्रायव्हरचं, शिवूचं, नाव बॅनरवर बैलांइतकं मोठं छापलं जायचं. मग जोडी लागोपाठ दोन मैदानं हरली. उदयसिंहांनी बैल ठेवले आणि शिवूला खाली उतरवलं.

“आणि महादेवप्पांच्या गाडीवर कोण?”

“शिवूच. मोकळाच होता की.”

मी नावांची अदलाबदल केली. एका रेघेचं काम.

मी शाळेत क्लार्क आहे, पण रविवारी माझ्या हातात माइक असतो आणि माइकमुळे अख्खा जिल्हा मला सर म्हणतो. मैदानात पळतात बैल, पण कोण मोठा आणि कोण छोटा हे ठरवतो मी. जिंकणाऱ्याचं नाव घेऊन घसा फोडायचा, हरणाऱ्याची थोडी फिरकी घ्यायची. लोकांना तेच हवं असतं. अशाच एका दुपारी कल्लप्पा पुन्हा एकदा तिसरा आला, आणि मी माइकवरून म्हणालो, “आले आले, बिनगुलालाचे कल्लप्पा आले!” आमच्याकडे गुलाल फक्त फायनल जिंकणाऱ्याच्या डोक्यावर पडतो. मैदान हसलं. ते नाव त्याला कायमचं चिकटलं. त्याच्या वळसंग गावात पोरंसोरं त्याला तसं हाक मारतात हे मला फार उशिरा कळलं.

कल्लप्पा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात माग चालवतो. रविवारी सुट्टी असली की महादेवप्पांची गाडी. एकोणीस वर्षं, मधली शर्यतबंदीची सोडली तर, एकच मालक. महादेवप्पांचे बैल बेताचे. त्यातल्या त्यात चांगला म्हणजे चांद्या, कपाळावर गोल पांढरा ठिपका असलेला. तोही बुजरा, गर्दी बघितली की वाकडा पळणारा. वासरू असल्यापासून त्याला कल्लप्पाने हाताळलं. घरात कानडी, म्हणून बैलाशीही कानडीच. “बारोऽ,” असा तो ओरडायचा. बारो म्हणजे ये. मागांच्या खडखडाटात बोलून बोलून त्याचा आवाज असा तयार झालेला की हजार माणसांच्या गोंगाटातून तो सरळ बैलाच्या कानात जाऊन बसायचा. काठी-चाबकाला आता बंदीच आहे. जे काही करायचं ते आवाजाने आणि कासऱ्याने.

एकदा चहा पिताना मी त्याला विचारलं होतं, “तुला वाईट नाही वाटत रे, सारखं हरायचं?”

“सर, कारखान्यात जुना माग ज्याच्या वाट्याला येतो, त्याचंच कापड खराब निघतंय. मालक मागाला बोलत न्हाय, मानसाला बोलतंय.” मग कप खाली ठेवत म्हणाला, “पर एकदा चांगला माग बघायचाय. लई दिवसाची इच्छा हाय. बायको म्हनती, एकदा तरी डोकं लाल करून या घरी.”

त्याची ती इच्छा आज पुरी व्हायची होती. आणि नेमकं आजच चांद्याचंही ठरायचं होतं. महादेवप्पांचा मुलगा प्रभुलिंग यानं घरात सांगून टाकलं होतं, की आज गट पास झाला नाही, म्हणजे फायनल गाठली नाही, तर चांद्याला उसाच्या गाडीला द्यायचा. घेणारा माणूस टेम्पो घेऊनच आला होता. मैदानाच्या कडेला, बाभळीखाली, तो टेम्पो उभा होता.

“महादेवप्पा काय म्हणाले तू सोडलंस तेव्हा?” मी विचारलं.

“म्हनले, जा. मी तुला काय दिलं एवढ्या वर्षांत?” त्याने टी-शर्टची बाही उगाच खाली ओढली. “शिवी दिली असती तर बरं झालं असतं.”

चिठ्ठ्या निघाल्या. तिसऱ्या गटात तीन नंबरच्या चाकोरीत उदयसिंहांची गाडी, आणि चार नंबरला महादेवप्पांची. कल्लप्पाचा चेहरा उतरला.

“सर, चिठ्ठी परत काढता येती का?”

“तसं कसं? सगळ्यांसमोर काढली.”

“चांद्या शेजारी हाय. माझा आवाज ऐकला की येतंय ते.”

“मग तोंड बंद ठेव. रॉकेट-तुफानला कुणाच्या आवाजाची गरज नाही.”

“व्हय,” तो म्हणाला. “तसंच करतो.”

झेंडा पडला आणि सात छकडे सुटले. माझं तोंड आपोआप सुरू झालं. पहिल्या टप्प्यात रॉकेट-तुफान पुढे. काय ते पळणं! कल्लप्पा छकड्यावर नुसता बसला होता, कासरा हातात, ओठ घट्ट मिटलेले. इतकी वर्षं मी त्याला आडवा होऊन, उभा राहून, ओरडून, बैलाच्या मिनतवाऱ्या करून गाडी पळवताना बघितलं होतं. आज तो गाडीतला प्रवासी होता.

आणि मग चांद्या निघाला. खोटं नाही सांगत, त्या बैलाला तसं पळताना मी कधी बघितलं नव्हतं. शिवूने कासरा अगदी हलका धरला होता आणि तो पोरगा खरंच हुशार होता, बैलाला समजून घेत होता. तीनशे फूट राहिले तेव्हा दोन्ही गाड्या बरोबरीला आल्या. दोनशेला चांद्या शिंगभर पुढे. मी माइकमध्ये किंचाळत होतो. महादेवप्पा कुंपणाच्या दोरीला धरून उभे राहिले होते.

तेवढ्यात तो आवाज आला. “बारोऽऽ!”

एकदाच आला. चांद्याने मान वळवली. पळता पळता तो डावीकडे झुकला, सोबतच्या बैलाला ओढत, चार नंबरची चाकोरी सोडून तीन नंबरकडे. शिवूने जिवाच्या आकांताने कासरा खेचला. गाडी आवरली, पण चाक रेघेच्या पलीकडे गेलं होतं. पंचांचं लाल निशाण वर. चाकोरी सोडली की गाडी बाद. त्याला अपील नाही.

मी माइकवर काय बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं. “शिवूला बैल आवरला नाही! मोठ्या बैलांवर मोठे झालेले ड्रायव्हर, आता कळतंय!” मैदान हसलं.

पाच मिनिटांनी कल्लप्पा स्टेजची शिडी चढून वर आला. त्याला धाप लागली होती.

“सर, माइकवर सांगा, शिवूची चूक न्हाय. मी आवाज दिला.”

“अरे, पण का दिलास? ठरलं होतं ना?”

“चांद्या पुढं गेला की हो, सर.” त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. “लई भारी पळत होता. तसा पळताना बघितला आन् तोंडातनं गेलं. आठ वर्सं त्याला बघूनच वरडतोय. मला गाडी कुनाची हाय तेच आठवलं न्हाय.”

मी मागे बघितलं. उदयसिंहांची माणसं खुर्च्यांवर बसली होती. पंच पुढच्या गटाचे कागद लावत होते.

“निकाल लागलाय,” मी हळूच म्हणालो. “आता बोललास तर तुझीही गाडी बाद धरतील. जा, फायनल आहे तुझी.”

“पर शिवूचं नाव...”

“जा म्हणतो ना.”

तो गेला. माइक माझ्याच हातात होता. बटण दाबून दोन वाक्यं बोलायची होती. मी बोललो नाही. न बोललेल्या त्या दोन वाक्यांची मला आजही लाज वाटते, म्हणून हे इथे लिहिलं.

फायनल कल्लप्पाने तोंडातून चकार शब्द न काढता मारली. रॉकेट-तुफान असे आले की दुसरी गाडी कॅमेऱ्याच्या चौकटीतच नव्हती. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं, डोक्यावर गुलालाचं पोतं रिकामं केलं. “अखेर गुलाल!” मी ओरडलो. “काय हात, काय कसब! कल्लप्पा, एवढी वर्षं कुठं होतास?” उदयसिंहांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. काल ज्यांनी त्याला ओळख दिली नसती ते त्याच्याबरोबर फोटो काढत होते. तो सगळीकडे मान हलवत होता, आणि बघत होता बाभळीकडे.

तिथे चांद्या टेम्पोत चढत नव्हता. फळी लावली होती. प्रभुलिंग वेसण ओढत होता, दोघं मागून रेटत होते, आणि चांद्या चारी पाय रोवून उभा होता. शिवू बाजूला डोक्यावरची टोपी हातात घेऊन बसला होता. त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. मी बक्षिसाचे कागद आणायच्या निमित्ताने खाली उतरलो, तर कल्लप्पा जिंकलेली ढाल छातीशी धरून माझ्या पुढे चालत होता.

महादेवप्पा दगडावर बसले होते. त्यांनी कल्लप्पाच्या लाल डोक्याकडे बघितलं.

“छान दिसतंय,” ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. मग म्हणाले, “कल्लप्पा, नाक फाटंल रे त्याचं. तूच सांग की त्याला.”

कल्लप्पा तसाच उभा राहिला. मग त्याने ढाल माझ्या हातात दिली, टेम्पोला वळसा घालून केबिनच्या बाजूला गेला, आणि फळ्यांच्या फटीत तोंड घालून म्हणाला,

“बारो.”

ओरडला नाही. घरात लेकराला हाक मारावी तसा म्हणाला. चांद्याने कान टवकारले. प्रभुलिंगने वेसण सैल सोडली. चांद्या एक एक पाय टाकत, कुणी न रेटता, फळी चढून आत गेला आणि आवाजाच्या दिशेला जाऊन उभा राहिला. फटीतून हात घालून कल्लप्पाने त्याचं कपाळ चोळलं. मागचं फळकं लागलं, कडी पडली.

शिवू उठून कल्लप्पाजवळ आला होता. दोघं टेम्पोकडे बघत उभे राहिले.

टेम्पो माळावरून हळूहळू हायवेकडे निघाला. ढाल माझ्याच हातात राहिली होती. फटीतून चांद्याचं तोंड दिसत होतं, आणि कपाळावरचा तो ठिपका आता गुलालाने लाल झाला होता.