माझी बॅटरी कोणी संपवली?

मी एक जुनी स्पोर्ट्स कार आहे. मित्रांनो, पुढे ऐकायचे असेल तर एक अट आहे: मला कोणी 'बिचारी' म्हणायचे नाही. म्हणालात तर गाठ माझ्याशी आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. बसके अंग, दोनच आसने, लालभडक रंग. दारे बसवणाऱ्या कामगाराने माझे दार लावले, तो आवाज ऐकून खूश झाला आणि शेजारच्याला हाक मारून त्यालाही ऐकवला. असे कौतुक घेऊन जन्मलेली मी, नाकावर माशी बसू देईन का?

माझा पहिला मालक दातांचा डॉक्टर होता. हौशी, पण भित्रा. तो मला धुवायचा, पुसायचा, पाहुण्यांना दाखवायचा आणि पुन्हा झाकून ठेवायचा. पळण्यासाठी घडवलेल्या मला त्याने शोभेची वस्तू करून टाकले. पुढे हौस फिटली. चाकांतली हवा गेली, आसनात उंदराने बिऱ्हाड थाटले. त्या वर्षांबद्दल मी त्याला अजून माफ केलेले नाही आणि करणारही नाही.

मग बाई आल्या. शाळेत मुलांना कवायत शिकवून निवृत्त झालेल्या. आवाज असा की शिट्टीची गरजच नाही. त्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली, टायरला पायाने ढोसले आणि म्हणाल्या, "ही पळणार."

त्यांची लेक सोबत होती. "आई, या वयात लोक गुडघे बदलून घेतात आणि तू गाडी घेतेस?"

"गुडघे आहेत माझ्याकडे. गाडी नव्हती."

माझ्यात बसणे म्हणजे जवळजवळ जमिनीवर बसणे. बाई एका दमात बसत आणि एका दमात उठत. डोंगरातल्या वळणांवर आम्ही दोघी अशा सुटायचो की मागच्या गाड्यांनी नुसते बघत राहावे. माझ्या आयुष्यातला हाच खरा काळ. आधीचा मी धरतच नाही.

लेकीचा जीव मात्र टांगणीला लागलेला असे. कोणी येऊन धडकले आणि चूक बाईंच्याच माथी मारली तर? "म्हातारी चालवत होती म्हटलं की तुझं कोण ऐकणार, आई?" असे म्हणून तिने समोरच्या काचेला लावायचा कॅमेरा आणला. लोंबती तार बाईंना खपणार नव्हती, म्हणून गाड्यांचे वायरिंग करणाऱ्याला बोलावले. गडी कामात तरबेज होता. छताच्या कडेने आणि दाराच्या खांबातून त्याने तार अशी सफाईने लपवली की मलाच गुदगुल्या झाल्या. शेवटी फ्यूजच्या डब्यात डोके खुपसून त्याने विचारले, "काकू, लाईन कुठली देऊ? चावीवरची का चालू?"

"चालू! गाडी चालू की कॅमेरा चालू. सोपं आहे."

त्याने पहिला शब्द ऐकला आणि कामाला लागला. इथेच घात झाला. बाईंच्या लेखी चालू म्हणजे इंजिन फिरत असताना. त्याच्या धंद्यात चालू लाईन म्हणजे चावी काढून घेतली तरी जिच्यात वीज असते ती. कॅमेरा तिलाच जोडून तो हात पुसत निघून गेला.

झाले! मी दारात उभी असले तरी कॅमेरा समोरचा अंधार टिपत बसे आणि माझी बॅटरी पीत बसे. त्याचा दिवा काचेकडच्या बाजूला, त्यात माझ्यावर कापड घातलेले, दिसणार कोणाला? दोन-तीन दिवसांनी बाईंनी चावी फिरवली की नुसते 'टक्'. बॅटरी नवी आणली, तरी पुन्हा तेच.

सगळ्यांनी खापर माझ्यावर फोडले. जुनी झाली, वय झाले, काढून टाका. हेही मी ऐकून घेतले असते. पण एक दिवस लेक हळूच म्हणाली, "आई, रागावू नकोस. तू दिवे बंद करायला विसरतेस का गं?"

मला वाटले, आता बाईंचा आवाज चढणार. तो चढलाच नाही. त्या हातातल्या चावीकडे बघत म्हणाल्या, "विसरत असेन बाई. असेलही."

मित्रांनो, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या एकदाही विसरल्या नव्हत्या! उतरताना दिव्याच्या बटणावरून हात फिरवल्याशिवाय त्या कधी गेल्या नाहीत. हे फक्त मला ठाऊक होते, आणि मला तर तोंड नाही. हॉर्न आहे, पण तो वाजवायलाही माणूस लागतो.

मला विकायचे ठरले. गाडी चालवणेच सोडते, असे बाईंनी सांगून टाकले. गिऱ्हाइकाला इंजिन ऐकवता यावे म्हणून आदल्या संध्याकाळी बॅटरी चार्ज करून बसवली. सकाळी बाई शेवटचे पुसायला आल्या. कापड काढले, आत बसल्या आणि काच आतून पुसू लागल्या. पुसता पुसता त्यांची बोटे कॅमेऱ्याला लागली आणि तिथेच थांबली. कॅमेरा गरम होता.

पुढच्या क्षणी कवायतीच्या मैदानावरचा तो आवाज परत आला. फोनवर त्यांनी वायरिंगवाल्याला धारेवर धरले. "चावी रात्रभर माझ्या कपाटात. मग तुझा कॅमेरा तापला कसा?"

तो लगेच धावत आला. "काकू, तुम्हीच म्हणालात ना चालू द्या म्हणून?"

"अरे, गाडी चालू असताना म्हणाले मी!"

"आमच्यात चालू म्हणजे कायम चालू, काकू."

तार चावीवरच्या फ्यूजला जोडायला त्याला फार वेळ लागला नाही. लेक बाजूला उभी होती, रडवेली. "आई, चुकलं माझं. मी तुलाच विसरभोळी ठरवलं."

"ते एक वेळ ठीक आहे," बाई म्हणाल्या, "पण मीही ते खरं मानलं, त्याचा राग येतोय मला."

तेवढ्यात गिऱ्हाईक आले. बाईंनी चावी फिरवली. मी अशी गरजले की तो दोन पावले मागे सरकला. "आवाज आवडला," तो म्हणाला. "मलाही," बाई म्हणाल्या, "म्हणूनच द्यायची नाही." लेक दुसऱ्या आसनात येऊन बसली.

मित्रांनो, कोणी अडखळले की 'वय झाले' म्हणून मोकळे होऊ नका. गाडी असो वा माणूस, आधी जरा वाका आणि त्याच्यावर कोणते ओझे कुठे जोडून ठेवले आहे ते बघा. आमची काळजी घ्यायची असेल तर एवढी घ्या, कीव नको. मीही एक दिवस खरोखरच थांबेन, पण ते माझे मी ठरवीन. तोवर फाटकातून जरा बाजूला व्हा. आम्हाला बाहेर पडायचे आहे.