म्हशीची परवानगी

"आधी तिला विचारा," पोरगी म्हणाली आणि बादली घेऊन आलेल्या बापापुढे आडवी उभी राहिली.

"कुणाला?"

"म्हशीला. बाईंनी शिकवलंय. ज्याचं अंग त्याचं. विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. नको म्हटलं की थांबायचं."

गवळ्यानं कपाळाला हात लावला. स्वतःचंच होतं, म्हणून न विचारता. दूधगाडी फाट्यावर यायची वेळ झाली होती आणि या उन्हात दूध दुपारपर्यंतही टिकलं नसतं. पण पोरगी दुसरीत असली तरी आईच्या वळणावर गेली होती. तिच्याशी हुज्जत घालण्यापेक्षा म्हशीशी घातलेली परवडली.

"काढू का बाईसाहेब दूध?"

म्हशीनं जोरजोरात मान हलवली.

"नाही म्हणाली," पोरगी म्हणाली.

म्हशीनं मान खाली घातली तेव्हा कुठं पोरीनं होकार धरला. तोवर गाडी निघून गेली होती. दूध नासलं, आणि नासल्या दुधाची बादली हातात घेऊनच गवळी शाळेत शिरला.

"बाई, पाढे शिकवा. हे काय नवीन काढलंय?"

"आरोग्याचा तास आहे," बाई म्हणाल्या. "हात कसे धुवायचे, मैत्री कशी टिकवायची, कुणी नको तसा हात लावला तर मोठ्यानं नको कसं म्हणायचं, घरी कुणाला सांगायचं..."

"आणि म्हशी?"

बाईंनी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळलं. "म्हशींचं काही नाही यात."

"मग पोरीला कोण सांगणार? हा तास बंद करा, नाहीतर उद्यापासून पोरगी घरी!"

बाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्हाला कुणी न विचारता हात लावला तर चालेल का?"

"माझ्या वाटेला कोण जातंय?" गवळी गुरगुरला. पण त्याचा हात हळूच आपल्या टकलाकडे गेला.

कारण रोज सकाळी गाडीवाला त्या टकलावर ढोल वाजवायचा. दोन्ही हातांनी, तालात. फाट्यावरची माणसं हसायची, गवळीही हसायचा. दुभत्या गाईच्या लाथा गोड! गाडीवाल्याशी बिनसलं तर दूध घ्यायचं कुणी?

दुसऱ्या दिवशी पोरगी उठायच्या आत त्यानं स्वतःच्याच म्हशीचं दूध चोरासारखं काढलं आणि फाटा गाठला. गाडीवाल्यानं बाह्या सरसावल्या.

"नको," गवळी म्हणाला. तोंडानं परस्परच म्हणून टाकलं.

"काय नको?"

"टकलावर वाजवायचं नाही. टक्कल माझं आहे."

"अरे, गंमत असते ती!"

"दोघांना हसू आलं तर गंमत."

गाडीवाला एकदा टकलाकडे, एकदा दुधाच्या कॅनकडे बघत राहिला. गवळ्याला वाटलं, गेलं आजचंही दूध.

"मग आधी बोलायचं ना लेका," गाडीवाला म्हणाला. "मला वाटलं, तुला आवडतं. मलाच कंटाळा आला होता. पण म्हटलं, एवढा हसतोय, याचा हिरमोड कशाला करा!"

त्यानं कॅन गाडीत चढवला. पण हातांची खोड जाईना, म्हणून झाकणावर ताल धरला.

संध्याकाळी गवळी छाती काढून गोठ्यात आला. "पोरी, उद्या बाईंना विचार, पुढचा धडा कुठला." मग म्हशीकडे वळून अदबीनं म्हणाला, "काढू का?"

म्हशीनं मान हलवली. गवळ्यानं निमूटपणे बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसून राहिला.

"बाबा, का थांबलात?"

"नाही म्हणाली."

पोरगी म्हशीच्या तोंडाजवळ जाऊन बघून आली. "अहो बाबा, कानावर माशी बसली होती तिच्या!"

"मग त्या माशीला शाळेत घेऊन जा," गवळी म्हणाला. "विचारून बसायला शिकवा म्हणावं बाईंना."