पोचा पडलेली घागर

लातूर नवा जिल्हा झाला, फटाके वाजले, पण पाऊस काही आला नाही. उदगीरकडच्या एका गावात नळ कोरडे पडले होते, आणि तिथल्या नगरपालिकेनं नेमकी तेव्हाच पाणीपट्टी दुप्पट केली. आहे की नाही कमाल!

त्या गावात वीरण्णांचा छोटा छापखाना होता. ते साप्ताहिक काढत आणि त्यातलं व्यंगचित्र स्वतः लाकडी ठोकळ्यावर कोरत. त्या आठवड्यात लोकांना पाणीपट्टीवरचं चित्र हवं होतं. पण पालिकेची छपाईची कामं वीरण्णांकडेच येत. नगराध्यक्षांचं चित्र काढलं की ती कामं गेलीच! त्यांचा जीव थाऱ्यावर राहिना. शेवटी त्यांनी पाण्याच्या टँकरपुढे घागरी टाकून एकमेकींच्या झिंज्या ओढणाऱ्या बायका कोरल्या.

अंक निघाला. अध्यक्ष खो खो हसले आणि पालिकेच्या दारावर लावायला त्यांनी जादा प्रती मागवल्या. वीरण्णाही हसले खरे, पण त्यांना चैन पडेना.

दुपारी त्यांची बायको गुरम्मा टँकरवरून रिकाम्या घागरीनं परतली. ती थेट छापखान्यात आली आणि तिनं अंक त्यांच्या पुढ्यात टाकला.

"ह्यातली घागर आपली हाय न्हवं? हा पोचा मला ओळखू येत न्हाई व्हय?"

वीरण्णांनी नकळत घरचीच घागर कोरली होती.

"अगं, गंमत हाय ती."

"कुणाची गंमत? उन्हात तापायलोय आमी, आन् हसायलेत अध्यक्ष! पट्टी ज्यानं वाढवली त्याचं नाक तुमाला दिसंना, माझी घागर बरी दिसली!"

"कामं जातील, गुरम्मा."

"जाऊ द्या. लग्नपत्रिका छापू. ज्याच्या हातात काहीच न्हाई, त्याला हसायला चित्र कशाला लागतंय? त्याला तर कुणीबी हसतंय."

वीरण्णांना मनापासून लाज वाटली. कोरलेलं लाकूड काही भरून येत नाही. त्यांनी ठोकळा उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर पटाशी धरली. आधी नाक उतरलं, मग पोट, आणि मग कोरड्या नळावर बसून पट्टीसाठी हात पसरलेले अख्खे अध्यक्ष! त्या हातावर एक बाई पोचा पडलेली घागर उपडी करत होती. घागरीतून थेंबही पडत नव्हता.

छापलेलं ते चित्र टँकरच्या रांगेत हातोहात फिरलं. भांडणाऱ्या बायका एकत्र हसल्या, आणि हसता हसता पालिकेत शिरल्या. चित्रातल्यासारख्याच त्यांनी रिकाम्या घागरी अध्यक्षांच्या टेबलावर उपड्या केल्या. वाढीव पट्टी स्थगित झाली. वीरण्णांची कामंही त्याच दिवशी गेली!

बंधुभगिनींनो, हसू कुणाच्या तरी अंगावर जातंच. ते तहानलेल्याच्या अंगावर घालायचं की नळावर बसलेल्याच्या, एवढं तरी आपल्या हातात आहे.