भाऊरावांचा सालांचा डबा

बायको गेल्यावर भाऊराव देव्हारेंशी घरात बोलायला कोणी उरलं नाही. मुलगा नागपूरला. तो पत्रात ‘प्रकृतीला जपा’ एवढं लिहायचा, आणि भाऊरावांची प्रकृती उत्तम असल्यामुळे पुढे विषय निघत नसे.

सुरतेजवळ उधन्याच्या एका तारेच्या कारखान्यात ते केमिस्ट होते. तारेवरचा गंज काढायला ती तेजाबाच्या टाकीत बुडवत. तेजाब आधी गंज खातं, मग हाताशी आहे म्हणून पोलादही खातं. त्याला आवरायची पावडर परदेशातून यायची. अडुसष्ट साली ती परवान्यात अडकली. झाडपाल्याच्या काढ्यानेही तेजाब आवरतं, असं भाऊरावांनी कुठेसं वाचलं होतं. कडुनिंब, मेंदी, चहाचा चोथा, सगळं उकळून झालं. शेवटी ते कांद्याच्या सालांवर आले.

त्यांची खोली चाळीत वरच्या मजल्यावर, वैष्णव शेजाऱ्यांत. तिथे कांदा वर्ज्य, त्यामुळे विज्ञानाची सगळी जबाबदारी खालच्या मजल्यावर, गिरणीत कामाला आलेल्या खानदेशी कुटुंबांवर पडली. रोज संध्याकाळी भाऊराव डबा घेऊन खाली दारोदार फिरू लागले. सालं घ्यायला मिनिटभर लागे, ती कशाला हे सांगायला अर्धा तास. धुरपदाबाईंनी तर तेजाबाचं शास्त्र तीनदा समजून घेतलं आणि तिन्ही वेळा चहा दिला. एकदा वरच्या मजल्यावरूनही एक पुडी आली. कोणाची, हे विचारायचं नाही असं ठरलं.

प्रयोग फसत होता तोवर सगळं छान चाललं होतं. मग एके दिवशी पोलादाची पट्टी तेजाबातून काढून, धुऊन, पुसून तोलली, तर वजन जवळजवळ होतं तेवढंच. शेठ खूश झाले. तुमच्यासारख्याने घरोघर डबा घेऊन हिंडणं शोभतं का, म्हणाले, आणि त्यांनी बाजारातून सालांची पोती थेट कारखान्यात आणवली.

बातमी चाळीत पोचली. सगळ्यांना आनंद झाला आणि कोणी काही बाजूला ठेवेनासं झालं. भाऊराव दोन संध्याकाळी खोलीत बसून राहिले. तिसऱ्या संध्याकाळी रिकामा डबा घेऊन खाली उतरले.

धुरपदाबाई दारात गहू निवडत होत्या. कारखान्यात पोत्यांनी सालं येतात म्हणे, मग आता काय हवं, असं त्यांनी विचारलं. भाऊरावांना खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे वेळ लागला.

“आता लसूण,” ते म्हणाले. “त्याची सालं बारीक असतात. बसून सोलावी लागतील.”

धुरपदाबाईंनी डब्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

“लसूण आते कोठे, भाऊ? मंगळवारना बजारमाईन लईसु. तवय या.”

तो बुधवार होता. भाऊराव बरं म्हणाले, डबा उंबऱ्याशी ठेवला आणि वर गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, डबा नीट आहे ना हे बघायला, ते खाली आले.