गादीवाला

डॉक्टरांनी मराठीत सांगितलं, तिथूनच सगळा घोटाळा सुरू झाला. इंग्रजीत ठेवलं असतं तर दत्तप्रसादच्या वडिलांना काही कळलं नसतं आणि ते काळजी करत दारव्ह्यालाच बसून राहिले असते. पण डॉक्टर पडले सज्जन. त्यांनी एमआरआयची फिल्म उजेडावर धरली, मणक्यांच्या मधली एक काळपट चकती दाखवली आणि म्हणाले, "ही गादी बघा. दोन मणक्यांच्या मध्ये अशी एकेक गादी असते. तुमची ही जरा झिजलीये आणि थोडी बाहेर सरकलीये. नसेला लागते, म्हणून कळ पायात उतरते."

पुढे ते बरंच बोलले. अशा सरकलेल्या गाद्या घेऊन पुण्यात कितीतरी माणसं हिंडतात आणि त्यातल्या अनेकांना त्याचा पत्ताही नसतो. फिल्ममध्ये दिसतं तेवढं दुखतंच असं नाही आणि दुखतं तेवढं फिल्ममध्ये दिसतंच असंही नाही. दुखणं जाईल, परत येईल, त्याच्याशी जमवून घ्यावं लागेल. चालत राहा, खुर्चीला चिकटून बसू नका, आणि पाठीला काचेचं भांडं समजू नका. दत्तप्रसादची बायको नम्रता शेजारी बसून हे सगळं नीट ऐकत होती. दत्तप्रसादने मात्र तिथून दोनच गोष्टी घरी आणल्या. गादी सरकलीये, आणि ओझं उचलायचं नाही.

तिसरी गोष्ट त्याच्याकडे आधीपासूनच होती, ती म्हणजे लाज. पस्तिशीही न गाठलेला माणूस मोजे घालताना भिंतीला टेकतो, याची लाज. हडपसरच्या रानात तेव्हा काचेच्या इमारती नुकत्याच उभ्या राहिल्या होत्या. त्यातल्या एका इमारतीत हा दिवसभर संगणकापुढे बसे. शर्टाच्या आत कमरेचा पट्टा बांधून जाई आणि कुणी विचारलंच, असा ताठ का चालतोस, तर सांगे की जिम लावलीये. त्याची टीम लीड श्रद्धा वयाने त्याच्याहून लहान होती आणि हडपसरजवळ मांजरीत त्याच्याच सोसायटीत एक मजला वर राहायची. डिसेंबरात अमेरिकेला कुणाला पाठवायचं हे तिच्या हातात होतं, आणि हे दारव्ह्यालाही माहीत होतं. पाठ धरून बसलेल्या माणसाला इतक्या लांबच्या विमानात कोण बसवील, असा दत्तप्रसादचा हिशेब होता. म्हणून ऑफिसात पाठ हा शब्द त्याने कधी काढलाच नाही.

घरी मात्र बोलून गेला. रविवारी आईचा, मुक्ताईचा, फोन आला. पाठ कशी आहे, असं तिने विचारलं. हा टीव्हीवर सामना बघता बघता म्हणाला, "गादी सरकलीये म्हणतात डॉक्टर. झिजलीये." आईने फोन वडिलांकडे दिला. महिपती एस.टी.त कंडक्टर होते, आता निवृत्त होऊन गावी घरचा थोडा कापूस बघत होते. त्यांनी विचारलं, "आतला कापूस गोळा झाला असंन नं?"

"हो, तसंच काहीतरी," हा म्हणाला, कारण तेवढ्यात कुणीतरी बाद झालं होतं.

झालं! वऱ्हाडातल्या माणसाला झिजलेल्या गादीवरचा उपाय कुणाला विचारावा लागत नाही. गुरुवारी सकाळी महिपतींचा फोन आला तो थेट हडपसरच्या गाडीतळावरून. "उतरलो बाबू. तुही नवी गादी आणली."

दत्तप्रसादने कपाळाला हात लावला. बँकेत काम आहे, दुपारी येतो, असं श्रद्धाला कळवून तो गाडीतळावर गेला. महिपती थांब्याजवळ गुंडाळलेल्या गादीवर बसून चहा पीत होते. पायजमा, टोपी, खांद्यावर दुपट्टा, आणि तोंडावर अशी खुशी की पोराला एवढ्या लोकांत हा घोटाळा समजावून सांगायचं धाडस होईना. रिक्षावाल्याने "हा काय टेम्पो आहे का?" असं विचारून घेतलं आणि मग गादी टपावर बांधली.

गुरुवारी पुण्यात दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवतात, त्यामुळे लाइट नव्हते, म्हणून लिफ्टही नव्हती. वॉचमन नाश्त्याला गेलेला. रिक्षावाल्याने गादी जिन्यापाशी ठेवली आणि तो गेला. दत्तप्रसाद राहायचा तिसऱ्या मजल्यावर. त्याने गादीकडे हात नेला, कळ कुठून कशी निघेल ते आठवलं आणि हात परत घेतला. महिपतींनी ते पाहिलं.

"तू नको. तुही पाठ दुखते. सरक तिकडे."

त्यांनी दुपट्ट्याची चुंबळ केली, गुडघ्याचा आधार देत गादी वर घेतली आणि डोक्यावर ठेवली. मागून दत्तप्रसाद निघाला. त्याच्या हातात वडिलांची कापडी पिशवी होती आणि तिच्यात तुरीच्या डाळीची पुडी. एवढंच.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर वरून श्रद्धा उतरत आली. रात्री उशिरापर्यंत अमेरिकेशी बोलून ही टीम लीड मंडळी सकाळी सावकाश निघायची, ते दत्तप्रसादच्या ध्यानात नव्हतं.

"अरे, तू बँकेत होतास ना?"

"झालं काम."

वाट द्यायला ती भिंतीला चिकटून उभी राहिली. गादी तिच्यासमोरून वर सरकत होती. गादीखालच्या मानेच्या शिरा तटतटल्या होत्या आणि श्वासाचा आवाज जिनाभर ऐकू येत होता. श्रद्धाच्या कपाळाला आठी पडली. "एवढ्या वयस्कर माणसाला तिसऱ्या मजल्यावर? एक टोक तू धर ना निदान!"

आता काय सांगायचं? मला धरता येत नाही, हे सांगितलं तर अमेरिका गेली. हे माझे वडील आहेत, हे सांगितलं तर धडधाकट मुलगा म्हाताऱ्या बापाच्या डोक्यावर ओझं देऊन मागून पिशवी हलवत चाललाय, असं दिसणार. दत्तप्रसादच्या तोंडून जे निघालं ते त्याला वाटलं होतं त्यापेक्षा फार सहज निघालं.

"अगं, गादीवाला आहे. सवय असते त्यांना."

वरची पावलं एका पायरीवर थांबली. मग पुन्हा चढू लागली. श्रद्धा "बरं" म्हणाली आणि खाली गेली.

घरात आल्यावर महिपतींनी गादी पलंगावर अंथरली. पाणी प्यायले. काही झालंच नाही अशा आवाजात सांगू लागले की खोळ आईच्या जुन्या लुगड्याची आहे, टाकेही तिनेच घातलेत, आणि कापूस घरचा आहे, वेचून ठेवलेला. दत्तप्रसादला ते ऐकवेना. त्याने दोन पुस्तकं आणली, त्यांच्यामध्ये भांडी घासायचा स्पंज ठेवला आणि वडिलांना सगळं समजावलं. हे मणके, ही मधली गादी, ही अशी दाबली जाते, अशी बाहेर येते.

महिपतींनी पुस्तकं दाबून पाहिली. स्पंज बाहेर आला. मग ते हसायला लागले, ठसका लागेपर्यंत हसले. "म्हंजे तुही गादी दुकानात भेटत नाही!"

हसता हसता त्यांनी एक हात कमरेवर ठेवला आणि जपून खुर्चीत टेकले.

"तुमचीपण दुखते का पाठ, बाबा?"

"सारी जिंदगी गाडीत उभं राहून तिकिटं फाडली बाबू. आपल्याकडचे रस्ते तुले मालूम हायेत. आत गादी हाये का गेली, कोण जाणे. माहा कोणी फोटू नाही काढला."

दत्तप्रसादचा चेहरा गरम झाला. "बाबा, मघाशी जिन्यात मी..."

"चहा ठेव," महिपती म्हणाले.

दुपारी नम्रता शाळेत शिकवून आली. ती नारायण पेठेतली. तिने सासऱ्यांना नमस्कार केला, गादी पाहिली आणि स्वयंपाकघरात येऊन हळू आवाजात विचारलं, "वर कुणी आणली?"

"बाबांनी."

"आणि आपण काय केलंत? देखरेख?"

"डॉक्टरांनीच सांगितलंय ना, ओझं उचलू नका."

"एकट्यानं," नम्रता म्हणाली. "जड वस्तू एकट्यानं उचलू नका, असं म्हणाले होते ते. तो शब्द तू दवाखान्यातच विसरून आलेला दिसतोस."

त्याने जिन्यातली गोष्ट तिला सांगितली नाही. ती सांगण्यासारखी नव्हतीच. ऑफिसात गेला, पण दुपारभर त्याला खुर्चीत बसवेना. कमरेतून निघालेली कळ पोटरीपर्यंत गेली तेव्हा त्याला पहिल्यांदाच वाटलं की बरी शिक्षा झाली. तसं वाटूनही काही हलकं झालं नाही.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा महिपती सोफ्यावर बसून नम्रताने दिलेला चहा पीत होते. इतक्यात बेल वाजली. दारात श्रद्धा.

"तो सकाळचा गादीवाला गेला का रे? माझ्या आईला कापसाचीच गादी हवीये, आणि कुठे नीट..." बोलता बोलता तिची नजर आत गेली. "अय्या, हे काय, इथेच आहेत!"

महिपती ताडकन उठले. हातातला कप त्यांनी टीपॉयखाली सरकवला, सोफ्यापासून दूर होऊन भिंतीशी उभे राहिले आणि टोपी नीट केली. "जी बाई. किती बाय किती पाह्यजे?"

आणि त्यांनी एकदाच, ओझरतं, दत्तप्रसादकडे पाहिलं. बरोबर करतोय ना मी, एवढंच त्या नजरेत होतं.

नम्रताला काही कळेना. ती सासऱ्यांकडे बघत होती, मग नवऱ्याकडे, मग पुन्हा सासऱ्यांकडे. महिपती सांगत होते, "कापूस आमच्याकडचा चांगला राह्यते बाई. माणूस धाडून देतो मी."

"श्रद्धा," दत्तप्रसाद म्हणाला. "हे माझे वडील आहेत."

श्रद्धा हसली, गंमत आहे असं समजून. मग तिचं हसू गेलं. "पण सकाळी तू..."

"सकाळी मी खोटं बोललो. माझ्या मणक्यात दुखणं आहे, बरेच दिवस झाले. ते तुला कळू नये म्हणून. मला गादी उचलायची भीती वाटत होती आणि ते सांगायची लाज."

श्रद्धाने महिपतींना हात जोडले. "सॉरी काका," ती म्हणाली. दत्तप्रसादकडे तिने नीट पाहिलंही नाही. "उद्या ऑफिसात बोलू," एवढंच म्हणाली आणि निघून गेली. नम्रता दार लावून तिथेच उभी राहिली.

महिपतींनी वाकून टीपॉयखालचा कप काढला. चहा निवला होता. सोफ्यावर बसून ते तो तसाच प्यायले.

"कायले सांगतलं बाबू?" ते हळूच म्हणाले. "अमेरिकेचं होऊन जाऊ द्यायचं होतं आधी. मले चाललं असतं."

त्यांनी रागवायला हवं होतं. एक मुस्काटात द्यायला हवी होती. मले चाललं असतं, हे काही दत्तप्रसादला सोसेना.

महिपती उठले. "तुह्या कामाची त नाही आता ते गादी. इकडं बैठकीत टाकतो, मीच झोपीन तिच्यावर." आत जाऊन ते पलंगावरची गादी ओढू लागले. दत्तप्रसाद मागोमाग गेला, गुडघ्यात वाकला आणि त्याने दुसरं टोक धरलं.

"सोड, सोड. तुही पाठ."

"एकट्यानं नको, बाबा."

दोघांनी गादी उचलली आणि दारातून बाहेर आणली. आईचे टाके त्याच्या बोटांना लागत होते. पलीकडच्या टोकाला वडील होते आणि त्यांच्याकडे मान वर करून बघायची त्याला हिंमत होत नव्हती. गादी फारशी जड नव्हती.