वाढत्या अंगाचा झेंडा

परकं सरकार जाणार हे नक्की झालं आणि नवा झेंडा शिवायचं काम आमच्याकडे आलं. आम्ही सासूसुना शाळेचे गणवेश शिवतो. निळं आणि पिवळं, दोन्ही कापडं गावात आमच्याच दुकानात होती. मी तर एका पायावर तयार झाले. कारण हुकूमच तसा होता: कचेरीवर नवा झेंडा चढला की तुरुंगाचं दार उघडायचं. त्या दाराआड आमचे हे होते, भिंतींवर सरकारविरोधी पत्रकं चिकटवली म्हणून. हिवाळ्यापासून भेटीही बंद होत्या.

झेंड्याचा वरचा निळा पट्टा मास्तरांच्या पक्षाचा, खालचा पिवळा वकीलसाहेबांच्या पक्षाचा. एकेकाळी हे दोघे आमच्याच ओट्यावर एक चहा अर्धा अर्धा करून प्यायचे. आमचे हे दोघांचेही लाडके. पण राज्य हातात यायची वेळ झाली आणि दोघांचं फाटलं ते फाटलंच. आता एकमत एवढंच, की पट्टे अगदी सारखे हवेत.

ठरल्या दिवशी सकाळी दोघे दुकानात हजर. वकीलसाहेबांनी टेप लावली आणि किंचाळलेच, "पिवळा दोन बोटं कमी!"

खालची दुमड उलटून बघते तर आत वीतभर कापड दडपलेलं.

"अहो आई, हे काय?"

"काय म्हणजे? वाढत्या अंगाचा शिवलाय," सासूबाई सुईत दोरा ओवत म्हणाल्या. "पोरांचे कपडे असेच शिवतात. देश आज जन्माला येतोय, वाढेल की!"

घ्या! जन्मभराची सवय, ती काय झेंडा बघून बदलणार? मी दुमड उसवून कापड सोडलं, तर घाईत तीन बोटं सुटलं. लगेच मास्तर उसळले, "आता निळा कमी झाला! हा आमच्या पक्षाचा अपमान आहे." मग वरची दुमड सोडली, तर निळा पुढे गेला. तिकडून परक्या साहेबाचा निरोपावर निरोप: माझं जहाज सुटायच्या आत झेंडा चढवा, नाहीतर कचेरीच्या किल्ल्या घेऊन मी चाललो. आणि इथे हे दोघे शहाणे एका बोटासाठी हमरीतुमरीवर आलेले.

माझं डोकंच फिरलं. कात्री टेबलावर आदळली.

"बास! माझा माणूस आत सडतोय आणि तुम्ही बोटं कसली मोजताय? ही घ्या सुई. तुम्हीच शिवा काय ते!"

"बरोबर बोलली," सासूबाई म्हणाल्या आणि टेप मांडीखाली घेऊन ठाण मांडून बसल्या.

त्या दोघांनी जन्मात कधी बटणसुद्धा लावलं नव्हतं. मास्तरांना सुईचं भोक दिसेना, शेवटी वकीलसाहेबांनी दोरा ओवून दिला. एकाने कापड ताणून धरायचं, दुसऱ्याने टोचायचं. दोघेही घामाघूम. वेडावाकडा कच्चा धावदोरा पडला एकदाचा. कुठला पट्टा किती रुंद, हे आता देवालाच ठाऊक.

झेंडा चढला. एक कोपरा लोंबत होता, पण चढला! मी चपला न घालताच तुरुंगाकडे धावले. मागोमाग सासूबाई आणि ते दोघेही. फाटकाशी मात्र मास्तर एका बाजूला उभे राहिले, वकीलसाहेब दुसऱ्या. सुटून आलेला माणूस आधी कुणाकडे जातो, हे दोघांनाही बघायचं होतं.

हे बाहेर आले. वाळले होते, दाढी छातीपर्यंत. चांगलं खडसवायचं ठरवून ठेवलं होतं मी, पण आधी पदराने ह्यांचं तोंडच पुसलं. तेवढ्यात ह्यांना ते दोघे दिसले. ह्यांनी एक हात मास्तरांच्या गळ्यात टाकला, दुसरा वकीलसाहेबांच्या, आणि दोघांना जवळ ओढलं.

"मला माहीत होतं, तुम्ही दोघं बरोबरच येणार! आत सगळ्यांना सांगायचो, हे दोघं आहेत तोवर काळजी नको."

ह्यांना बिचाऱ्यांना त्या दोघांच्या भांडणाचं कुणी काही सांगितलंच नव्हतं. मास्तर जमिनीकडे बघायला लागले. वकीलसाहेबांनी तोंड उघडलं, तसे मी असे डोळे वटारले की शब्द आतच राहिला.

मग वकीलसाहेबच हळूच म्हणाले, "बरोबर नाही येणार तर काय. काय हो मास्तर?"

"तर काय," मास्तर म्हणाले. आवाज पार घोगरा झाला होता.

मग मात्र मला आवरलं नाही. मी भर रस्त्यात भोकाड पसरलं.