बंदरवाल्यांना अन्येलो हवाय

डिसेंबरात आमच्या बेटावरच्या कोन्सुएलो गावात बेसबॉल दोन ठिकाणी रंगतो. एक मैदानावर, आणि दुसरा लिओन्सियोच्या सलूनमध्ये. सलूनमधला जास्त गंभीर. तिकडे उत्तरेत, अमेरिकेत, मैदानं बर्फाखाली गेलेली असतात, खेळाडू घरी आलेले असतात आणि संघांचे साहेब लोक फोनवरून एकमेकांचे खेळाडू मागत असतात. ते फोनवर काय बोलतात हे कोन्सुएलोत कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून सगळे अगदी छातीठोकपणे सांगतात.

या दिवसांत गावाचा एक नियम आहे. कुणी किती चेंडू झेलले, किती मारले, हे विचारायचं नाही. कुणाकुणाची मागणी आली, तेवढंच विचारायचं. उपवर मुलीला स्थळं यावीत तशी ज्याच्यासाठी आठवड्याला दोन-तीन संघांची नावं येतात, त्याची आई रस्त्याच्या मधून चालते. ज्याचं नाव एकाही अफवेत नाही त्याच्या घरच्यांनी कडेकडेने जावं.

समोरच्या किराणा दुकानाची मालकीण नुरिस मधून चालत असे. तिचा जोआंडी सेंटर फील्डला, म्हणजे मैदानात मागे मधोमध, खेळायचा. रेडिओवाल्यांनी त्याला आजवर निम्म्या अमेरिकेत नेऊन ठेवला होता. पोरगा प्रत्यक्षात जिथे होता तिथेच होता, पण असल्या बारीकसारीक गोष्टी कोण बघतो?

"लिओन्सियो," ती दाढीचा साबण काउंटरवर ठेवता ठेवता म्हणाली, "तुझ्या अन्येलोला कुणीच मागत नाही का रे? आमच्या जोआंडीच्या मागे या आठवड्यात पुन्हा तिघं लागलेत. मला तर बाई झोप नाही."

"बघू ना," लिओन्सियो म्हणाला.

"बघ बाबा. पोरगा सरळ आहे हो तुझा. सरळ माणसांचं असंच होतं."

लिओन्सियोच्या अंगाचा तिळपापड झाला. कारण त्याच्याजवळ एक गोष्ट होती, जी ऐकून नुरिसची झोप खरोखरच उडाली असती.

अन्येलो त्याचा भाचा. बहीण गेल्यावर त्यानेच वाढवलेला. उत्तरेतल्या तळ्याकाठच्या संघाच्या खालच्या तुकड्यांमध्ये पोराने वर्षानुवर्षं बसच्या सीटवर झोप काढली होती आणि थंडगार सँडविच खाल्ले होते. नोव्हेंबरात घरी आला तेव्हा दुकानाचं शटर अर्धं ओढून तो म्हणाला होता, "मामा, आमच्या मुख्य संघातला लेफ्ट फील्डवाला म्हातारा निवृत्त होतोय. मोठ्या साहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, फेब्रुवारीत सरावाला ये, जागा तुझीच. पण अजून जाहीर नाही. बाहेर फुटलं तर साहेब चिडतील. कुठे ब्र काढू नकोस."

लिओन्सियो आधी रडला. मग बहिणीची शपथ घेतली. आणि ती त्याने पाळलीसुद्धा, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर माणसाबद्दल गैरसमज व्हायचा.

पण ज्याच्या तोंडात कधी तीळ भिजला नाही त्याच्या पोटात एवढी मोठी गोष्ट! वर समोरून रोज नुरिसचे टोमणे. खरं सांगायला बंदी होती. खोटं सांगायला कुणी बंदी घातली नव्हती.

शनिवारी पापो व्हियालोना दाढी करायला आला. पापो म्हणजे दुपारच्या रेडिओचा आवाज. सगळा मुलूख त्याच्यावर विश्वास ठेवायचा, कारण तो कधीच चुकला नव्हता. त्याने सांगितलेलं घडलं नाही तर तो म्हणायचा, "बोलणी ऐन वेळी फिसकटली."

"काय लिओन्सियो, काही खबर?" पापोने फेसातून विचारलं.

वस्तरा गालावर थांबला. "माझ्या तोंडून गेलं असं म्हणू नका, पापोभाऊ."

"मी? अरे, मी कबर आहे कबर."

"बंदरवाले अन्येलोची चौकशी करताहेत."

का बंदरवाले? भिंतीवर समोरच त्या बंदराच्या शहरातल्या संघाची टोपी टांगलेली होती म्हणून. बाजूची दिसली असती तर बाजूचा संघ.

दुपारी कबर बोलली. "श्रोतेहो, अत्यंत विश्वसनीय सूत्रांकडून समजतं की बंदरवाल्यांनी आपल्या कोन्सुएलोच्या अन्येलोवर डोळा ठेवलाय!" विश्वसनीय सूत्र त्या वेळी एका गिऱ्हाइकाचे कान कोरत होतं.

नुरिसने रेडिओ बंद केला आणि संध्याकाळी रस्त्याच्या कडेने घरी गेली. लिओन्सियोला हवं होतं ते एवढंच. गोष्ट इथेच संपली असती तर माणूस सुखात म्हातारा झाला असता.

पण उत्तरेतल्या एका बातमीदाराला त्या दिवशी लिहायला काही नव्हतं. त्याने पापोचं ऐकून लिहिलं. दुसऱ्याने त्याचं वाचून लिहिलं आणि आपल्या पदरचं "बोलणी पुढे सरकली" असं जोडलं. मग पापोने रेडिओवर छाती फुगवून सांगितलं, "आता उत्तरेतूनही दुजोरा मिळालाय!" तिथवर ठीक होतं. पण ते ऐकून दुकानात उडी मारली ती खुद्द लिओन्सियोने.

"मी म्हणत नव्हतो?" तो ओरडला. "नुसतं कानावर नव्हतं आलं, खात्रीच होती माझी!"

स्वतः पेरलेलं उगवल्यावर ते कुणी पेरलं हे विसरणारा शेतकरी दुसरीकडे भेटणार नाही. आमच्याकडे हिवाळ्यात घरोघरी असतात.

नाताळच्या आधी बातमी आली. या वेळी खरी. तळ्याकाठच्या संघाने अन्येलो बंदरवाल्यांना दिला आणि बदल्यात एक डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, घेतला. गावाने टोप्या बदलल्या, किराणा दुकानासमोर ढोल आला, आणि नुरिसने मान खाली घालून सगळ्यांना फुकट बिअर पाजली. दुसऱ्या दिवशी अन्येलो केस कापायला आला तेव्हा दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. पापोही पाय पसरून बसला होता, लग्न आपणच जुळवल्यासारखा.

अन्येलो खुर्चीत बसला. तो हसत होता, पण चार लोक पाहतात म्हणून हसावं तसा.

"बंदरवाल्यांकडे तुझ्या जागेवर खेळणारे आउटफील्डर किती आहेत रे?" कुणीतरी विचारलं.

"पोतंभर," अन्येलो म्हणाला. "मला पुन्हा खालच्या तुकडीत पाठवताहेत. पुन्हा बस."

"अरे, पण मागून नेलाय तुला!" पापो म्हणाला. "मान आहे तो."

"तेच तर कळत नाही, पापोभाऊ. एजंट सांगत होता, बंदरवाल्यांच्या साहेबाला माझं नावसुद्धा माहीत नव्हतं. त्याला मीच हवाय असं त्याने पेपरात वाचलं. आमच्या साहेबानेही वाचलं. आमच्या साहेबाने फोन करून विचारलं, एवढा हवाय तर पिचर देता का? बंदरवाल्यांच्या साहेबाला वाटलं, सगळे लिहिताहेत म्हणजे पोरात काहीतरी असणार. दिला पिचर." आरशातून त्याने मामाकडे पाहिलं. "हे पहिल्यांदा कुणाच्या डोक्यातून निघालं, तेवढं मला कळायला हवं होतं."

लिओन्सियोच्या हातातली कात्री थांबली. गप्प बसला असता तर कधीच कुणाला कळलं नसतं. पण ज्याला त्याने कडेवर घेऊन वाढवलं ते पोर आरशात त्याच्याकडेच बघत होतं, आणि त्याला ते सोसवेना.

"माझ्या," तो म्हणाला. "मीच ती आवई उठवली. पापोला मी सांगितलं. सगळं खोटं होतं."

मग दुकान असं हसलं की रस्त्यावरचे लोक आत डोकावले.

"ऐका! आता खेळाडूंचा सौदासुद्धा यानेच केला!"

"लिओन्सियो, उद्या म्हणशील बर्फही मीच पाडला!"

"माझी सूत्रं फार वरची आहेत, बाबा," पापो डोळे पुसत म्हणाला. "तुझ्यासारख्या न्हाव्यावर मी रेडिओ चालवत नाही."

"अरे, आईशपथ खरं सांगतोय!" लिओन्सियो रडकुंडीला आला. जन्मात पहिल्यांदा तो भर दुकानात निखळ खरं बोलत होता आणि पोरंटोरं पोट धरून लोळत होती. नुरिससुद्धा दारातून म्हणाली, "भाच्याचं कौतुक समजू शकते मी, पण किती ते श्रेय लाटायचं!"

अन्येलो मात्र हसला नाही. तळ्याकाठच्या संघातली लेफ्ट फील्डची जागा कुणाची होती हे त्या भरल्या दुकानात या दोघांनाच माहीत होतं. त्याच्या चेहऱ्यावरचं ते लोकांसाठीचं हसू हळूहळू उतरलं. त्याने अर्ध्या कापलेल्या डोक्यावरून हात फिरवला.

"मी तुला म्हणालो होतो, कुणाला सांगू नकोस," तो हळूच म्हणाला.

"ते नाही सांगितलं रे," लिओन्सियो म्हणाला. "बहिणीची शपथ, खरं होतं त्यातलं मी कुणाला काहीच नाही सांगितलं."

अन्येलोने मान डोलावली. त्याचा विश्वास बसला होता, आणि लिओन्सियोला वाटलं, हाही इतरांसारखा हसला असता तर फार बरं झालं असतं.